मोहल्ला समिती उभी करताना

यंत्रमागांच्या भिवंडीत उत्तर प्रदेशातून आलेले अन्सारी विणकर, तेलुगू भाषक पद्मशाली, कोकणी मुसलमान आणि आगरी अशी अनेक मंडळी राहतात. तेथे १९७० आणि १९८४ साली भीषण हिंदू-मुसलमान दंगली झाल्या. तरीही डिसेंबर १९९२ मध्ये शेजारची मुंबई पेटली असताना भिवंडी शांत राहिली. पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून उभारलेल्या मोहल्ला समित्यांना, म्हणजे पोलीस आणि दोन्ही समाजांतील रहिवासी यांच्या वस्तीपातळीवरील समित्यांना, त्याचे बरेचसे श्रेय दिले जाते. आपल्या वस्तीत अशी समिती उभारायची असेल, तर ती शांततेच्या काळातच उभारावी; दंगलीनंतर घाईने भरवलेल्या शांतता बैठकीला हार-तुऱ्यांपलीकडे फारसा अर्थ उरत नाही.

सभासद निवडताना पुढाऱ्यांना दूर ठेवावे आणि ज्यांचा दिवस गल्लीतच जातो असे लोक घ्यावेत: किराणावाला, रिक्षावाला, माग चालवणारा, आणि नळावर रोज उभ्या राहणाऱ्या बायका तर आवर्जून. दोन्ही समाजांच्या सभासदांची संख्या सारखी असावी आणि बीटचा हवालदार प्रत्येक बैठकीला हजर असावा.

बैठकीत धर्मावर भाषणे नकोत. पाण्याची पाळी, तुंबलेले गटार, दारासमोर लावलेली गाडी असले तंटे आधी मिटवावेत, कारण मोठ्या भांडणाचे निमित्त बहुधा असल्याच तंट्यात सापडते आणि ते सोडवतानाच माणसे एकमेकांची नावे शिकतात. या ओळखीचा खरा उपयोग अफवेच्या वेळी होतो. ‘मशिदीपाशी दगडफेक झाली’ असा निरोप आला, की त्याच नाक्यावरच्या सभासदाला फोन लावावा. ‘मी दुकानातच उभा आहे, समोर पोरे क्रिकेट खेळताहेत’ हे त्याचे उत्तर दहा पत्रकांहून अधिक काम करते. मिरवणुकीचा मार्ग, वेळ आणि ढोल कोठे थांबवायचे हेही आधीच एकत्र बसून ठरवावे.

जुन्या जखमांचे काम मात्र चिवट असते. श्रीकृष्ण आयोगाने मुंबईच्या दंगलीतील मृतांची संख्या ९०० नोंदवली. त्या दंगलीनंतर अनेक मुसलमान कुटुंबे मिश्र वस्त्या सोडून मुंब्र्यासारख्या ठिकाणी गेली आणि आडनाव ऐकून भाड्याचे घर नाकारण्याची रीत आजही चालू आहे. म्हणून समितीने रिकाम्या खोल्यांची यादी स्वतःकडे ठेवावी, आणि खोली नाकारणाऱ्या घरमालकाकडे त्याच्याच समाजातला सभासद पाठवावा.