रक्ताचा थेंब घेण्याआधी

एमपीएचसाठी, म्हणजे सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीसाठी, अमेरिकेत अटलांटाला आलात आणि एचआयव्ही तपासणीच्या फिरत्या गाडीवर काम मिळालं, तर माझं एक ऐका.

मी सोलापुरात आयसीटीसीत, म्हणजे एचआयव्ही समुपदेशन आणि तपासणी केंद्रात, समुपदेशक होते. तिथे पहिली चाचणी रिॲक्टिव्ह आली, म्हणजे एचआयव्हीची शक्यता दिसली, की पुढच्या दोन तिथेच होतात, माणूस बहुतेकदा त्याच दिवशी निदान कळूनच बाहेर पडतो. इथेही तसंच असेल, असं मी धरून चालले.

गाडी केस कापायच्या एका दुकानाबाहेर उभी होती. पंचविशीतला कृष्णवर्णीय मुलगा आला, मानेला कापलेले केस अजून चिकटलेले. बोटातून थेंब घेतला, रॅपिड टेस्ट रिॲक्टिव्ह. ते काही पक्कं निदान नसतं, प्रयोगशाळेतून खात्री करावीच लागते. मी त्याला सोमवारची वेळ दिली, पत्त्याचं कार्ड दिलं. तो आला नाही. फोन लावला तर प्रीपेड नंबर बंद. अजूनही त्या रस्त्याने जाताना मी दुकानात डोकावते.

म्हणून थेंब घेण्याआधीच विचारा: रिॲक्टिव्ह आली तर आज कुठे जायचं? कसं जाणार? कामावरून सुटी मिळेल का? नंबर बंद पडला तर निरोप कुणाकडे ठेवू? प्रयोगशाळेचं रक्त शक्यतो तिथेच काढायची सोय करा. नसेल तर क्लिनिकला आधी फोन करून ठेवा आणि स्वतः सोबत जा. नुसतं कार्ड हातात देऊ नका. पुन्हा सांगते, देऊ नका.

सीडीसीने, म्हणजे अमेरिकेच्या रोगनियंत्रण संस्थेने, 2006 मध्येच 13 ते 64 वयाच्या सगळ्यांची दवाखान्यात नेहमीची तपासणी सुचवली. पण ज्याला विमा नाही, डॉक्टर नाही, त्याच्यापर्यंत ती पोचत नाही. अमेरिकेच्या लोकसंख्येत कृष्णवर्णीय सुमारे 12 टक्के, 2019 च्या एचआयव्हीच्या नव्या निदानांत मात्र 40 टक्क्यांहून जास्त. याचा दोष त्यांच्या वागण्याला देऊ नका. अलाबामातल्या टस्कीगीत 1932 ते 1972 अमेरिकेच्या सरकारी आरोग्यसेवेने शेकडो कृष्णवर्णीय पुरुषांना सिफिलिसवर उपचार न देता नुसतं निरीक्षणाखाली ठेवलं. त्या अविश्वासातून कुणी तो विषय काढला तर समजावायला जाऊ नका, ऐकून घ्या.

गिफ्ट कार्डं वाटून तपासण्यांचा आकडा वाढवणं मला पटत नाही, तीच माणसं पुन्हा येतात. आणि प्राध्यापकांपेक्षा वस्तीत वीस वर्षं काम केलेल्या आउटरीच वर्करचा हात धरा. मी तसाच एका मावशींचा धरला.

निकाल सांगताना सुरुवातीला आवाज कापेल. कापू दे, समोरच्याला त्याचं वाईट वाटत नाही. पुढच्या रिॲक्टिव्ह माणसाबरोबर मावशी आणि मी बसने गेलो. तो वाटेत एक शब्द बोलला नाही. क्लिनिकच्या दारात थांबून त्याने एवढंच विचारलं, "तुम्हीही आत येणार ना?"