फोर-के टीव्ही घेताय? या चुका टाळा

गणपती जवळ आले की खानापूर, निपाणी, चिकोडीकडची माणसं बेळगावला येतात आणि संध्याकाळी टीव्हीचा खोका घेऊन परततात. "घ्या की मामा फोर-के, सारखं सारखं घेतोय होय आपण?" एवढ्या एका वाक्यावर जादा पैसे गेलेले असतात. फोर-के म्हणजे जास्त बारीक ठिपक्यांचा पडदा. घराचा सोपा, म्हणजे पुढची बैठकीची जागा, किती फुटांचा आहे आणि घरात डिश कुठली आहे, हे दुकानदार विचारत नाही आणि मामाही सांगत नाहीत.

डिश न बघता टीव्ही घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. नेहमीचा प्रकार असा. कौलारू घर, सोप्याच्या भिंतीवर नवाकोरा ५५ इंची, खाली फ्री डिशचा जुना बॉक्स आणि दोघांना जोडणारी लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांची वायर. चालू केला की बातम्या देणारीचा चेहरा मेणाचा, खालच्या पट्टीतली अक्षरं फुटलेली. म्हातारी म्हणते, आपला डबडा टीव्ही बरा होता. मग दुकानात फोन, पॅनेल बदलून द्या म्हणून भांडण. पॅनेलला काही झालेलंच नसतं. फ्री डिशवरचे बहुतेक चॅनेल एसडी, म्हणजे ७२० गुणिले ५७६, सव्वाचार लाखाच्या आत ठिपके. फोर-के पडद्यावर ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख. एका ठिपक्याचे वीस करायचे, आणि उरलेले एकोणीस टीव्ही अंदाजानेच भरतो.

बॉक्सला एचडीएमआय, म्हणजे एकाच वायरीतून चित्र-आवाज नेणारी सोय, असेल तर आधी पिनांची वायर काढून टाका. 'व्हिव्हिड' मोड सोडून 'सिनेमा' किंवा 'स्टँडर्ड' लावा. अक्षरांच्या कडेची पांढरी रेघ जाईपर्यंत शार्पनेस खाली आणा. चित्र ताणलेलं दिसत असेल तर बॉक्समध्ये ४:३ की १६:९ ते तपासा. एवढं करून चित्र सुसह्य होईल, फोर-के होणार नाही. घरात दिवसभर मालिका आणि बातम्याच लागत असतील, तर तोच पैसा एचडी सेट-टॉप बॉक्स आणि एचडी पॅकवर घाला.

दुसरी चूक अंतराची. दुकानात माणूस पडद्यापासून तीन फुटांवर उभा राहून "काय क्लिअर आहे!" म्हणतो आणि घरी दहा फुटांवरच्या दिवाणावर बसतो. टेप घ्या, दिवाणापासून भिंतीपर्यंत मोजा. पडद्याच्या इंचांना ०.१३ ने गुणलं की फूट मिळतात. ६/६ नजरेच्या माणसाला त्यापलीकडून फुल एचडी आणि फोर-के यांतला ठिपक्यांचा फरक जवळजवळ कळत नाही. ४३ इंचाला साडेपाच फूट, ५५ ला सात, ६५ ला साडेआठ. दहा फुटांवर फोर-के वसूल करायचा तर पडदा ७७ इंचांचा हवा, आणि जुन्या घरांत दोन खिडक्यांमध्ये तेवढी भिंत नसते. ४३ इंचापासून पुढे बहुतेक मॉडेल फोर-केच येतात, तेव्हा किंमत सारखी असेल तर खुशाल घ्या. फक्त 'फोर-के' या अक्षरांसाठी वर पैसे देऊ नका. ३२ इंचात तर विषयच नको.

हॉटस्पॉटवर फोर-के बघू म्हणणाऱ्यांपुढे हात टेकले. नेटफ्लिक्सवर फोर-केला १५ एमबीपीएस वेग लागतो, शिवाय सगळ्यात महाग प्लॅन. तासाला ७ जीबीपर्यंत डेटा जातो. म्हणजे रोजचा २ जीबीचा पॅक सतरा मिनिटांत खलास. फायबर असलं तरी राउटर माडीवर आणि मध्ये जांभ्या दगडाची जाड भिंत असेल तर वायफायच्या नादी लागू नका, राउटरपासून टीव्हीपर्यंत लॅनची वायर ओढा.

खोक्यावरचं 'एचडीआर', म्हणजे उजेड-अंधार जास्त ठळक दाखवणारं तंत्र, बघून भुलू नका. स्वस्त टीव्ही तो सिग्नल फक्त घेतो. तो दाखवायला लागणारा उजेड त्याच्यात नसतो.

आठ-के? पुढे चला.

जुनं बिल दाखवून घासाघीस करणाऱ्यांनी तारीख बघावी: ३२ इंचांवरच्या टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झालाय.

आणि जांबोटी-कणकुंबीकडच्या पावसात चित्र गोठतं म्हणून टीव्ही बदलायला निघालेल्यांनी आधी डिशच्या छत्रीखाली जावं. मुसळधार पावसात सिग्नल तुटतो तो कुठल्याही टीव्हीवर तुटणारच. पण रिमझिमीतही तुटत असेल तर एलएनबीला, म्हणजे छत्रीसमोरच्या सिग्नल पकडणाऱ्या डबीला, जोडलेली पिन काढून बघा, बहुतेक वेळा ती हिरवी पडलेली असते.