शुश्रूषा केंद्र निवडताना या चुका टाळा

घरातल्या म्हाताऱ्या माणसाला ठेवण्यासाठी शुश्रूषा केंद्र पाहायला गेलेल्या बहुतेक कुटुंबांची फेरी एकाच साच्यातली असते. ऑफिसात चहा, हातात माहितीपत्रक, मग चकाचक लॉबी, बाग, एक नीटनेटकी रिकामी खोली आणि जाता जाता एखाद्या हसतमुख आजोबांशी दोन शब्द. गाडीत बसेपर्यंत निर्णय झालेला असतो. पण यातलं सगळं पाहुण्यांना दाखवण्याजोगं म्हणूनच दाखवलेलं असतं. ते आजोबा चालतेफिरते असतात, त्यांना मदत लागते ती थोडीच. केंद्राची खरी परीक्षा होते ती ज्याला तक्रार करता येत नाही अशा माणसापाशी.

म्हणून अंथरुणाला खिळलेली आणि स्मृतिभ्रंशाची माणसं ज्या मजल्यावर असतात, तो मजला दाखवा म्हणावं. कुणाच्या खोलीत शिरू दिलं नाही तर रागावू नका. तो त्या माणसाचा खासगीपणा आहे आणि तो जपला जातोय हे चांगलंच. जेवणघरात आणि मार्गिकेत उभं राहूनही पुष्कळ दिसतं. नखं कापलेली आहेत का? चष्म्याची काच पुसलेली आहे का? कानातलं यंत्र कानात आहे की टेबलावर? ओठ सुकलेत का, आणि पाण्याचा पेला हात पोहोचेल असा ठेवलाय का? म्हातारपणी तहान कमी जाणवते, त्यामुळे मागितल्यावर पाणी देणं पुरत नाही.

वासाबद्दलही थोडं. एखाद्या खोलीत लघवीचा वास आला तर त्याच वेळी काही झालं असेल. सगळ्या मजल्यावर तोच वास असेल तर डायपर वेळेवर बदलले जात नाहीत. आणि फिनाइल किंवा सुगंधी फवाऱ्याने डोकं दुखत असेल, तर तो कशावर मारलाय हा प्रश्न पडायलाच हवा.

जेवणाच्या वेळी न जाणं

माझ्या मते ही सगळ्यात महाग पडणारी चूक. दुपारच्या जेवणाला अर्धा तास नुसतं बसा. ताट समोर येतं, पण हात थरथरणाऱ्या माणसाला ते खाता येतंय का, हे कुणी पाहतं का? भरवणाऱ्या मावशी शेजारी बसून भरवतात की उभ्याने, एकाच वेळी दोघांना? उभ्याने भरवलं की खाणाऱ्याची मान वर होते, मागे झुकते आणि घास श्वासनलिकेत जाण्याचा धोका वाढतो. गिळायला त्रास असलेल्या माणसाच्या फुफ्फुसात अन्न गेलं की न्यूमोनिया होऊ शकतो. अशांना ताठ बसवून, तोंडातला घास गिळून झाल्यावरच पुढचा द्यावा लागतो आणि जेवणानंतर निदान अर्धा तास आडवं करायचं नसतं. जेवण उरकल्या उरकल्या सगळी रांग पलंगावर दिसली, तर वेळापत्रक कुणाच्या सोयीचं आहे ते कळलं.

अर्धं भरलेलं ताट उचलताना "का नाही जेवलात?" असं कुणी विचारतं का, तेही ऐका. कवळी सैल झाली म्हणून माणूस जेवत नाही आणि नोंद होते 'भूक नाही' अशी.

"स्टाफ किती आहे?" असं विचारणं

या प्रश्नाला मोठा आकडा मिळतो. त्यात स्वयंपाकी, ड्रायव्हर, वॉचमन आणि तिन्ही पाळ्या आल्या. विचारायचं ते असं: रात्री दोन वाजता या मजल्यावर किती जण जागे असतात, त्यात प्रशिक्षित नर्स किती आणि रहिवासी किती? रविवारी आणि सणासुदीला हाच आकडा राहतो का? मग व्यवस्थापकांना बाजूला ठेवून मावशींना सहज विचारा, "इथे किती वर्षं झाली?" चारपैकी तिघी नवीन असतील, तर लोक का टिकत नाहीत हे शोधा. माणसं सतत बदलली की कुणाला कुठल्या कुशीवर झोप लागते, गोळी कशात घालून दिली की घेतली जाते, हे कुणालाच ठाऊक राहत नाही.

सरकारी मानांकनावरही डोळे झाकून विसंबू नये. अमेरिकेत २००८ पासून नर्सिंग होमना, म्हणजे तिथल्या अशाच शुश्रूषा केंद्रांना, दर्जानुसार तारे दिले जातात, पण त्यातली काही माहिती केंद्रांनी स्वतःच कळवलेली असते. तुमच्याकडे तपासणी अहवाल मिळत असेल तर तारे मोजण्याऐवजी तो वाचा, आणि तोच दोष पुन्हा पुन्हा निघालाय का ते पाहा.

"आमच्याकडे कुणी पडतच नाही" या उत्तरानेही भारावून जाऊ नका. म्हातारी माणसं पडतात. मागचा माणूस पडला तेव्हा नंतर काय बदललं, हे ज्यांना सांगता येतं त्यांच्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

शांततेला गुण देणं

भर दुपारी सगळे खुर्चीत मान टाकून झोपलेले असतील, तर औषधांची चौकशी करा. स्मृतिभ्रंश झालेली माणसं संध्याकाळी अस्वस्थ होतात, घरी जायचं म्हणतात. त्यांच्याशी बोलायला माणूस लागतो. गुंगीची गोळी त्यापेक्षा सोपी पडते. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांना मनोविकारावरची काही औषधं दिल्यास मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे. कधीकधी ही औषधं खरोखर लागतात, पण ती कुणी लिहून दिली, कशासाठी आणि डोस पुन्हा कधी तपासणार याची उत्तरं तयार असली पाहिजेत. हात बांधणं आणि सोयीसाठी लावलेली लघवीची नळी यांबद्दलही असंच खोदून विचारा. नळी जितके दिवस राहते तितका जंतुसंसर्गाचा धोका वाढतो.

करारनाम्यात मासिक शुल्काखेरीज कशाचे पैसे वेगळे लागतात, रुग्णालयात हलवायचा निर्णय कोण घेणार आणि सोडून गेल्यास अनामत रक्कम कधी परत मिळणार, एवढं तरी सहीआधी वाचा.

दाखल केल्यावर निर्धास्त होणं

दर रविवारी चारलाच जाल तर दर रविवारी चारचंच केंद्र दिसेल. वेळ बदलत राहा. जाल तेव्हा मोजे काढून टाचा पाहा, माकडहाडाजवळची त्वचाही पाहू द्या म्हणा. दाबून बोट उचलल्यावरही लालसरपणा जात नसेल तर ती शय्याव्रणाची, म्हणजे सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमेची, सुरुवात असू शकते. सावळ्या त्वचेवर लाली दिसत नाही. तिथे जागा गरम, कडक किंवा दुखरी लागते. कूस किती वेळाने बदलतात आणि ती नोंद कुठे आहे, हे तिथेच विचारा.

वजनाची नोंद दर महिन्याला मागा. महिन्यात पाच टक्के किंवा सहा महिन्यांत दहा टक्के घट म्हणजे डॉक्टरांनी पाहायलाच हवं. कालपर्यंत ओळखणारी आई आज अचानक गोंधळली, तर "वय झालं" हे उत्तर घेऊ नका. एक-दोन दिवसांत झालेल्या अशा बदलामागे संसर्ग, शरीरातलं कमी झालेलं पाणी, बद्धकोष्ठता किंवा नवीन औषध असू शकतं आणि यांतल्या बहुतेकांवर उपाय आहे.

तक्रार करायची तर आधी त्या पाळीच्या सिस्टरशी बोला. पुष्कळ गोष्टी तिथेच मिटतात. मिटलं नाही तर तारीख घालून लेखी द्या आणि उत्तर कधीपर्यंत हवं तेही लिहा. लेखी दिल्यावरही तीच गोष्ट पुन्हा घडली, किंवा तक्रारीनंतर तुमच्या माणसाशी बोलण्याचा सूर बदलला, तर दुसरं केंद्र पाहायला लागा. जागा बदलण्याचा त्रास म्हाताऱ्या माणसाला होतोच, म्हणून जुन्या केंद्राकडून औषधांची यादी, जखमांची नोंद आणि खाण्याझोपण्याच्या सवयी आधीच लिहून घ्या, आणि पहिले काही दिवस घरचं कुणीतरी रोज तिथे जाईल असं पाहा.