पेशींची पहिली जाळी छापताना

पुण्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत नवा विद्यार्थी आला की त्याला पहिल्याच आठवड्यात बायोप्रिंटरवर (जिवंत पेशी मिसळलेलं जेल थराथराने छापणाऱ्या थ्रीडी प्रिंटरवर) कान छापायचा असतो, नाहीतर हृदय. मी त्याला एक सेंटिमीटर बाजूची, दोन थरांची साधी जाळी छापायला सांगते. कारण रक्तवाहिन्या नसलेल्या जेलमध्ये पेशींना पुरेल इतका प्राणवायू साधारण १०० ते २०० मायक्रॉनपर्यंतच पोचतो. भरीव ठोकळा छापलात तर तो बाहेरून सुबक दिसेल आणि आत पेशी गुदमरून मरतील. जाळीत मिडियम, म्हणजे पेशींचं पोषक द्रव, सगळीकडून खेळतं. हैदराबादला एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था, आयआयटी आणि सीसीएमबी ही पेशी-जीवशास्त्राची संस्था यांनी मिळून छापलेला कॉर्निया (बुबुळासमोरचा पारदर्शक पडदा) २०२२ मध्ये सशाच्या डोळ्यात बसवला; कॉर्निया मुळातच पातळ आणि त्यात रक्तवाहिन्या नसतात, हे विसरू नका.

पेशी उंदराच्या घ्या, ३टी३ फायब्रोब्लास्ट (प्रयोगशाळेत सहज वाढणाऱ्या संयोजी ऊतीच्या पेशी). पुण्याच्या एनसीसीएस या पेशीविज्ञान संस्थेच्या पेशीभांडारासारख्या खात्रीच्या ठिकाणाहून आणा आणि मायकोप्लाझ्माची (पेशींमध्ये लपून वाढणाऱ्या जिवाणूंची) चाचणी केल्याशिवाय वापरू नका. शस्त्रक्रियेतून आलेल्या मानवी पेशी हव्या असतील तर नैतिकता समितीची मंजुरी आणि रुग्णाची लेखी संमती आधी, प्रयोग नंतर.

बायोइंक, म्हणजे छापायचं जेल: ३ टक्के अल्जिनेट (समुद्री शेवाळातला, कॅल्शियम मिळालं की घट्ट होणारा पदार्थ) आणि ६ टक्के जिलेटिन, कॅल्शियम नसलेल्या सलाइन बफरमध्ये. अल्जिनेट ऑटोक्लेव्ह केलं (दाबाच्या वाफेने निर्जंतुक केलं) की त्याच्या साखळ्या तुटतात आणि जेल पातळ होतं, म्हणून त्याची पूड हूडमध्ये (निर्जंतुक हवेच्या कपाटात) यूव्हीखाली ठेवून निर्जंतुक करा. जेल ३७ अंशांवर आणा. मिलिलिटरला दोन कोटी पेशी असतील असं दाट द्रावण करून एक भाग पेशी, नऊ भाग जेल असं मिसळा (जेल त्या हिशेबाने थोडं घट्ट बनवलेलं हवं). दोन सिरिंजा ल्युअर कनेक्टरने (दोन्ही तोंडं जोडणाऱ्या छोट्या नळीने) जोडून मिश्रण हलक्या हाताने इकडून तिकडे फिरवा. घाई केलीत तर बुडबुडे येतात, आणि छापताना बुडबुडा आला की तिथे धागा तुटतो.

आता तापमान. सगळं काम इथेच जमतं किंवा बिघडतं. भरलेली सिरिंज २२-२३ अंशांवर पंधरा-वीस मिनिटं ठेवा. मग सुई हवेत धरून थोडा दाब द्या आणि टोकाकडे नीट बघा. थेंब लोंबला तर इंक अजून गरम आहे. खडबडीत, तुटक तुकडे आले तर जास्त थंड झाली. पाकाची तार बघतो तसा अखंड, गुळगुळीत धागा लोंबला पाहिजे. हवामान, एसी, जिलेटिनचा लॉट, कशानेही हे बदलतं. त्यामुळे कालचे आकडे आज डोळे मिटून वापरू नका, दर वेळी तार बघा.

सुई २५ गेजची, शंकूच्या आकाराची घ्या. सरळ लांब सुईत पेशी जास्त वेळ घासल्या जातात. दाब धागा अखंड येईल इतपतच ठेवा, त्यापुढे एक काटाही नको. जाळी सुबक दिसावी म्हणून दाब वाढवण्याचा मोह होतो, पण त्याची किंमत पेशी मोजतात. खालची प्लेट १५ अंशांवर ठेवली की धागा पडल्या जागी टिकतो.

छापून झालं की अल्जिनेट घट्ट करायला लगेच १०० मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घाला, पाच मिनिटं ठेवा आणि काढा. नंतर फॉस्फेट बफरने धुऊ नका. फॉस्फेट कॅल्शियम ओढून घेतं आणि मेहनतीची जाळी सैल पडते. हेपेस सलाइन (फॉस्फेट नसलेला बफर) वापरा. मग मिडियम आणि ३७ अंशांचा इन्क्युबेटर. तिथे जिलेटिन वितळून निघून जाईल, ते अपेक्षितच आहे. जाळी धरून ठेवायचं काम अल्जिनेटचं.

छापण्याआधी इंकचा एक थेंब बाजूला काढा, त्यालाही तेवढंच कॅल्शियम द्या आणि जाळीशेजारी वाढवा. हा थेंब नसेल तर मी विद्यार्थ्याचा निकाल बघत नाही. दुसऱ्या दिवशी दोन्हींना कॅल्सिन आणि प्रोपिडियम आयोडाइड ही चमकणारी रंगद्रव्यं लावा: जिवंत पेशी हिरव्या, मेलेल्या लाल. थेंब हिरवा आणि जाळी लाल असेल तर दोष दाबाचा किंवा सुईचा. दोन्ही लाल असतील तर इंक, कॅल्शियमचा वेळ आणि पेशी सिरिंजमध्ये किती वेळ ताटकळल्या, हे तपासा. चौथ्या आणि सातव्या दिवशी पुन्हा बघा, कारण दाबाने दुखावलेल्या पेशी लगेच मरतीलच असं नाही.

आठवड्याने पेशी हिरव्या पण गोलच दिसल्या तर घाबरू नका. अल्जिनेटमध्ये त्यांना चिकटायला जागाच नसते, म्हणून त्या हातपाय पसरत नाहीत. पसरलेल्या, एकमेकींना भिडलेल्या पेशी हव्या असतील तर पुढची जाळी जेलमाची (प्रकाशाने घट्ट होणाऱ्या, बदललेल्या जिलेटिनची) करा: ७ टक्के जेलमा, ०.२५ टक्के एलएपी (प्रकाश पडला की ही प्रक्रिया सुरू करणारं रसायन) आणि ४०५ नॅनोमीटरचा प्रकाश. त्यात प्रकाश किती सेकंद द्यायचा, हे पेशी न घालता आधी ठरवून घ्या.