जुन्या ट्रॅक्टरची लिफ्ट उचलत नाही? पंप उतरवण्याआधी तेल बघा

पलटी नांगर जमिनीत अडकलेला, लिव्हर पूर्ण वर, इंजिन घरघरतंय आणि लिफ्ट, म्हणजे तेलाच्या दाबाने अवजार उचलणारी यंत्रणा, जागची हलत नाही. अशा वेळी बांधावर जमलेल्यांचा निकाल ठरलेला असतो: "पंप गेला." दौंडकडच्या आमच्या एका शेजाऱ्यांनी हा निकाल मानून पंप उतरवला. ऐन नांगरटीत दोन दिवस ट्रॅक्टर उघडा पडला आणि शेवटी सापडली ती गाळाने बुजलेली, तेल गाळणारी जाळी.

बऱ्याच जुन्या ट्रॅक्टरांत गिअरबॉक्स, डिफरेन्शिअल (वळताना मागची दोन चाकं वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) आणि लिफ्ट एकाच हाउसिंगमधलं तेल वापरतात. त्यामुळे मागच्या चाकाचं ऑइल सील गळत असेल, तर बोंब लिफ्टमधून ऐकू येते. म्हणून लिफ्ट आणि मागचा एक्सल एकत्रच तपासावेत.

आधी तेल

ट्रॅक्टर सपाटीवर उभा करा, अवजार जमिनीला टेकवा, इंजिन बंद करा, चाकांना दगड लावा. दहा मिनिटांनी डिपस्टिक काढा. उतारावर मोजलेली पातळी खोटी असते. चढावर लिफ्ट दगा देते आणि सपाटीवर चालते, असं होत असेल तर तेल कमी असण्याचीच शक्यता जास्त.

आता रंग बघा. तेल दुधाळ दिसलं, तर आत पाणी शिरलंय. मावळ-मुळशीत भाताच्या चिखलणीला उतरलेल्या ट्रॅक्टरांत हे हमखास दिसतं. शंका असेल तर पत्र्याचा तुकडा चांगला तापवून त्यावर तेलाचा एक थेंब टाका. तडतडला तर पाणी आहे. (घरातला तवा घेऊ नका, पुढचं भांडण या लेखात सोडवता येणार नाही.) रात्रभर ट्रॅक्टर उभा ठेवून सकाळी ड्रेन प्लग हळूच सैल केला, की तळाशी बसलेलं पाणी आधी येतं. पण तेल दुधाळच राहिलं, तर सगळं बदला आणि पाणी कुठून शिरलं ते शोधा, नाहीतर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा तेच.

तेलावर फेस असेल, तर पंप हवा ओढतोय. त्या वेळी लिफ्ट झटके देत चढते आणि पंप ओरडतो. ओरडण्याचं दुसरं कारण बुजलेली जाळी. तेल बदलताना जाळी डिझेलने धुवा. तिच्यात पितळी किंवा पोलादी कण चमकले, तर ते जपून ठेवा आणि मेस्त्रीला दाखवा.

मग लिव्हर

काही जुन्या मॉडेलांत पंप पीटीओच्या (इंजिनची ताकद अवजाराला देणाऱ्या दांड्याच्या) शाफ्टवर फिरतो. तिथे पीटीओचा लिव्हर सुटलेला असला, तर लिफ्ट मेल्यासारखीच वाटते. उलट लिफ्ट चढते पण उतरत नाही, असं असेल तर सीटखाली उतरण्याचा वेग ठरवणारा नॉब असतो, तो कुणी पूर्ण आवळला नाही ना, ते बघा. पीसी (पोझिशन कंट्रोल, अवजार ठरलेल्या उंचीवर धरणारा) आणि डीसी (ड्राफ्ट कंट्रोल, ओढीप्रमाणे खोली सांभाळणारा) लिव्हरांची गल्लत तर रोजची. रोटाव्हेटरला पीसी, नांगराला डीसी. डीसी टॉप लिंकवर (अवजाराला वरून जोडणाऱ्या दांड्यावर) किंवा खालच्या लिंकवर येणारा जोर ओळखून नांगर वर-खाली करतो. ही हॅरी फर्ग्युसनची मूळ कल्पना, 1946 मध्ये आलेल्या त्याच्या टीई-20 या छोट्या ट्रॅक्टरने ती जगभर नेली. टॉप लिंक चुकीच्या भोकात असली किंवा तिच्यामागची स्प्रिंग सैल झाली, की तास कधी खोल, कधी उथळ पडतो.

बसण्याची चाचणी

अवजार उचला, इंजिन बंद करा, बाजूला खुणेची काठी रोवा. अवजाराखाली कुणी जायचं नाही. दोन-चार मिनिटांतच ते खाली आलं, तर सिलिंडरच्या पिस्टनची ओ-रिंग किंवा आतला व्हॉल्व्ह गळतोय. इंजिन चालू असताना लिफ्ट सारखी मान डोलावते, तेही याच गळतीमुळे. रिकामी उचलते पण नांगर लावला की हार मानते, तेव्हा रिलीफ व्हॉल्व्ह (जादा दाब सोडून देणारा) किंवा झिजलेला पंप. इथे मेस्त्री आणि प्रेशर गेज लागणारच. रिलीफ व्हॉल्व्हचा स्क्रू अंदाजाने आवळू नका. मागच्या टायरमध्ये हवा असते साधारण 12 ते 16 पीएसआय (दाबाचं माप), लिफ्टच्या लाइनमध्ये दोन-अडीच हजार. गळती बोटाने चाचपू नका, पुठ्ठा धरा. बारीक फवारा कातडीत घुसतो.

मागचा एक्सल

एकाच बाजूचा ब्रेक धरेनासा झाला, तर ड्रम उघडून बघा. आत तेल असेल, तर एक्सलचं सील गेलंय. मात्र नवं सील आणण्याआधी हाउसिंगचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारं भोक) साफ करा. तो चिखलाने बुजला की तापलेल्या तेलाचा दाब नव्या सीलमधूनही वाट काढतो.

बेअरिंगसाठी चाक जॅकने उचला, खाली पक्के ओंडके द्या आणि चाक वर-खाली हलवा. खडखड लागली तर बेअरिंग सैल आहे. टायरमध्ये वजनासाठी पाणी भरलेलं असेल, तर चाक एकट्याने काढायला जाऊ नका.

दौंड-इंदापूर पट्ट्यात मागे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावल्या, की एक्सलची खरी परीक्षा होते. गिअर पडतो, क्लच सुटतो, ट्रॅक्टर मात्र जागचा हलत नाही, तेव्हा रिकाम्या ट्रॅक्टरवर, सपाटीवर डिफरेन्शिअल लॉक (दोन्ही मागची चाकं एकत्र फिरवणारा) दाबा. मग हलला, तर एका बाजूचा एक्सल शाफ्ट तुटलाय. क्लच, गिअरबॉक्स उघडू देऊ नका. फक्त वळताना कटकट होत असेल, तर डिफरेन्शिअलच्या छोट्या पिनियन बघायला सांगा. सरळ जाताना ओढ पडली की घुरघुर वाढत असेल, तर क्राउन-पिनियन, म्हणजे मागच्या एक्सलला ताकद देणारी मुख्य दातेरी चाकं. ते काम शेतात होत नाही.