हिवतापाच्या रॅपिड टेस्टवर किती विसंबावे? मूल्यमापनाचे काम हाती घेणाऱ्यांसाठी

गडचिरोलीसारख्या जिल्ह्यात तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना तपासण्याचे काम बहुतेक वेळा आशाताईच करते. स्लाइडचा (सूक्ष्मदर्शकाखाली पाहायच्या रक्ताच्या काचपट्टीचा) अहवाल चोवीस तासांत मिळण्याची खात्री नसेल, तर रॅपिड टेस्ट (रक्ताच्या थेंबावरून लगेच निकाल देणारे पट्टीचे किट) करावी आणि तिच्या निकालावरून उपचार सुरू करावेत, असे राष्ट्रीय धोरण आहे. फाल्सिपेरम आणि व्हायव्हॅक्स हे हिवतापाच्या परजीवीचे दोन्ही प्रकार ओळखणारे किट देशाच्या कार्यक्रमात 2013 पासून आले. या किटच्या विश्वासार्हतेवर प्रबंध किंवा प्रकल्प करू इच्छिणारे विद्यार्थी बहुधा संवेदनक्षमता (बाधितांपैकी किती जणांना किट ओळखते) आणि विशिष्टता (बाधित नसलेल्यांपैकी किती जणांना ते नकारात्मक दाखवते) या दोन आकड्यांपासून सुरुवात करतात. ते आकडे काढणे अवघड नाही. ते ज्या नोंदींवर उभे राहतात त्या नोंदी निर्दोष ठेवणे फार अवघड आहे, आणि माझ्या अनुभवात अभ्यासाची किंमत तिथेच ठरते.

पहिला प्रश्न तुलना कशाशी करायची हा आहे. जाड स्मिअर (स्लाइडवरील रक्ताचा जाड थर) नकारात्मक ठरवण्यापूर्वी किमान शंभर फील्ड (सूक्ष्मदर्शकातून एका वेळी दिसणारे भाग) पाहिलेली असावीत, दोन तंत्रज्ञांनी एकमेकांचा निकाल न पाहता स्लाइड वाचावी आणि मतभेद झाल्यास तिसऱ्याने निर्णय द्यावा. किटचा निकाल आणि स्लाइड क्रमांक एकाच फॉर्मवर लिहिण्याची पद्धत सोयीची वाटते, पण त्यामुळे स्लाइड वाचणाऱ्याला किटचा निकाल आधीच कळतो आणि सगळी तुलनाच कलते. म्हणून सांकेतिक क्रमांक द्यावेत आणि नोंदवह्या वेगळ्या ठेवाव्यात. पीसीआरशी (परजीवीचा डीएनए शोधणाऱ्या प्रयोगशाळेतील चाचणीशी) तुलना केली, तर सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे अत्यल्प परजीवीही मोजले जातात आणि तेच किट अचानक कमी प्रतीचे भासते. तापाच्या रुग्णाचे निदान आणि लक्षणे नसलेल्या गावकऱ्यांची सरसकट तपासणी यांपैकी आपला हेतू कोणता, हे आराखड्यातच लिहून टाकावे.

परजीवींची घनता नोंदवल्याशिवाय संवेदनक्षमतेला फारसा अर्थ उरत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या चाचणीत किटची खरी परीक्षा दर मायक्रोलिटरला 200 परजीवी या पातळीवर होते. आपल्याकडे आलेल्या रुग्णांत घनता फार जास्त असेल, तर साधारण किटही उत्तम ठरेल. नमुन्याची संख्याही अशीच फसवते. वीस बाधितांपैकी एकोणीस जण किटने ओळखले, तर 95 टक्के असे लिहिता येते, परंतु त्याचा 95 टक्के विश्वासांतर (खरा आकडा ज्या मर्यादांत असण्याची शक्यता आहे तो पट्टा) साधारण 75 पासून जवळजवळ 100 पर्यंत पसरतो. तो न छापणे हे वाचकाची दिशाभूल करण्यासारखे आहे, असे मी ठामपणे म्हणेन.

प्रादुर्भाव बदलला की निकालाचा अर्थही बदलतो. संवेदनक्षमता आणि विशिष्टता दोन्ही 95 टक्के धरू. तपासलेल्या 1000 रुग्णांपैकी 200 बाधित असतील, तर 190 खरे आणि 40 खोटे सकारात्मक निघतील. म्हणजे सकारात्मक निकालांपैकी सुमारे 83 टक्के खरे. तेच किट 10,000 जणांत केवळ 100 बाधित असलेल्या ठिकाणी वापरले, तर 95 खऱ्यांसोबत 495 खोटे सकारात्मक येतील आणि हे प्रमाण 16 टक्क्यांवर घसरेल. हिवताप ओसरत चाललेल्या भागात काम करणाऱ्याने हे गणित स्वतःच्या हाताने एकदा मांडून पाहावे.

खोटे निकाल कुठून येतात हे समजून घेण्यासाठी किटची रचना माहीत हवी. फाल्सिपेरमची रेष बहुतेक किटमध्ये एचआरपी-2 या प्रथिनावर उमटते आणि हे प्रथिन यशस्वी उपचारानंतरही काही आठवडे रक्तात राहते. त्यामुळे मागील महिनाभरात हिवतापाची औषधे घेतली होती का, हा प्रश्न फॉर्मवर असायलाच हवा. याउलट काही परजीवींत हे प्रथिन तयार करणारे जनुकच नसते. पेरूमधून 2010 साली असे परजीवी प्रथम नोंदवले गेले. पुढे गडचिरोलीला लागून असलेल्या छत्तीसगढमधूनही नोंद झाली, मात्र भारतात त्यांचे प्रमाण आजवर कमीच आढळले आहे. स्लाइडवर फाल्सिपेरम स्पष्ट दिसत असूनही किट नकारात्मक आले, तर असा नमुना जपून ठेवावा.

यानंतर येतो प्रत्यक्ष हाताळणीचा भाग, आणि माझ्या मते तो सर्वांत दुर्लक्षित आहे. किटचे तापमान साधारण 30 किंवा 40 अंशांच्या आत राहावे अशी अट वेष्टनावर छापलेली असते, तर विदर्भात मे महिन्यात पत्र्याच्या छपराखालील खोलीत पारा ती मर्यादा सहज ओलांडतो. साठवणुकीच्या जागी तापमानाची रोज नोंद ठेवावी. पाकीट फोडल्यावर किट लगेच वापरावे, कारण दमट हवेत पट्टी खराब होते. रक्त बहुतेक किटमध्ये 5 मायक्रोलिटर लागते. ते उचलण्याचे लूप नावाचे छोटे कडे पूर्ण भरले आहे की नाही, हे शेजारी बसून पाहावे. कंट्रोल रेष (किट चालले हे दाखवणारी वेगळी रेष) उमटली म्हणजे द्रव पट्टीवरून नीट वाहत गेला एवढेच कळते, रक्त पुरेसे पडले होते याची खात्री त्यावरून होत नाही. बफरऐवजी (किटसोबतच्या द्रावणाऐवजी) पाणी वापरणे किंवा ठरलेली वेळ उलटून गेल्यावर निकाल वाचणे, या दोन्हींमुळे खोटी रेष दिसू शकते. संध्याकाळच्या अंधुक उजेडात फिकट रेष हमखास निसटते. ती कितीही फिकट असली तरी सकारात्मकच धरायची, हे प्रशिक्षणात पुन्हा पुन्हा सांगावे लागते. एकच किट दोघांनी वेगवेगळे वाचावे आणि त्यांच्यातील एकमत कप्पा गुणांकाने (योगायोगाने होणारे एकमत वगळून एकमत मोजणाऱ्या आकड्याने) मोजून अहवालात द्यावे.

अवैध ठरलेले (कंट्रोल रेषच न उमटलेले) किट विश्लेषणातून गुपचूप वगळू नयेत. त्यांची संख्या वेगळी द्यावी. किट आणि स्लाइड यांचे निकाल जुळत नसलेल्या प्रत्येक रुग्णाच्या रक्ताचे थेंब फिल्टर पेपरवर पूर्ण वाळवून, सिलिका जेलसह बंद पिशवीत पीसीआरसाठी ठेवावेत. त्यासाठीची संमती सुरुवातीलाच घेतलेली असावी. प्रत्येक नोंदीपुढे लॉट क्रमांक (किटच्या उत्पादन-तुकडीचा क्रमांक) लिहावा आणि शंका आलेल्या लॉटमधील काही किट न वापरता राखून ठेवावेत, म्हणजे दोष त्या लॉटमध्ये होता की साठवणुकीत, याची फेरतपासणी संदर्भ प्रयोगशाळेला करता येईल.