आधी खुर्ची निवडा: ऑपेरा, बॅले आणि म्युझिकलला पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

पहिल्यांदा ऑपेराला निघालेली माणसं मला ठरलेले दोन प्रश्न विचारतात. कपडे कोणते घालू? आणि भाषा कळली नाही तर? दोन्हींची उत्तरं सोपी आहेत, पुढे येतीलच. पण तिकीट काढायच्या आधी विचारायला हवा असा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही: बसायचं कुठे? मी तिकिटाचा नकाशा उघडला की निम्मा वेळ त्यातच घालवते, कारण ऑपेरा (सगळी गोष्ट गाऊन), बॅले (सगळी गोष्ट नाचून) आणि म्युझिकल (गाणी-नाच असलेलं नाटक) या तिन्ही प्रकारांत चांगली जागा वेगवेगळी असते.

ऑपेरात माइक नसतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेरात सुमारे ३,८०० माणसं बसतात, रंगमंचापुढच्या खोलगट खड्ड्यात मोठा वाद्यवृंद वाजत असतो, आणि गायिका निव्वळ गळ्याच्या जोरावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. ती ओरडत नसते. तयार झालेल्या आवाजातली बरीच ताकद ३,००० हर्ट्‌झच्या आसपास एकवटते. वाद्यवृंदाचा जोर त्या पट्ट्यात कमी झालेला असतो आणि आपला कान मात्र तिथेच सगळ्यात तीक्ष्ण असतो. म्हणून आवाज वाद्यांच्या वरून तरंगत येतो. हा आवाज वर चढतो, आणि त्यामुळे सगळ्यात वरच्या, सगळ्यात स्वस्त बाल्कनीत तो बऱ्याचदा खालच्यापेक्षा चांगला लागतो. महागड्या तळमजल्यावरच्या मागच्या रांगा मी टाळते. डोक्यावर बाल्कनीचं छत येतं आणि आवाज बाहेरच अडून राहतो. वरच्या मजल्यावर मधोमध बसा, दुर्बीण जवळ ठेवा. चेहरे दुर्बिणीतून दिसतील, हुकलेला आवाज मात्र कशातूनच मिळणार नाही.

बाजूच्या बॉक्सचा, म्हणजे भिंतीलगतच्या छोट्या कप्प्यांचा, मोह आवरा. मिलानचं ला स्काला १७७८ सालचं. त्या काळच्या घोड्याच्या नालेच्या आकाराच्या नाट्यगृहांत बॉक्समधल्या मंडळींना रंगमंचाइतकंच समोरच्या बॉक्समध्ये कोण आलंय हेही पाहायचं असायचं. आज त्याच बॉक्सच्या मागच्या खुर्चीवर बसाल तर अर्धा रंगमंच भिंतीआड जातो. तिकिटावर ‘मर्यादित दृश्य’ अशा अर्थाचं काही छापलं असेल तर ते अक्षरशः खरं माना.

बॅलेला मी थोडी खाली उतरते, पण तळमजल्यावर नाही. अगदी पुढच्या रांगांतून नर्तकांची पावलं कधी कधी दिसतच नाहीत, आणि बॅलेत पावलं न दिसणं म्हणजे काय हे सांगायला नको. शिवाय समूहनृत्याच्या आकृत्या खालून कळत नाहीत. ‘ला बायादेर’मध्ये छायांचा, म्हणजे मृतात्म्यांचा, प्रवेश आहे: पांढऱ्या पोशाखातल्या नर्तकी एकीमागून एक उतारावरून येतात, प्रत्येक जण तीच मुद्रा पुन्हा पुन्हा करते, आणि हळूहळू सगळा रंगमंच भरून जातो. तळमजल्यावरून ती नुसती रांग दिसते. पहिल्या किंवा दुसऱ्या बाल्कनीतून, मध्यभागी बसून पाहिली तर भूमिती दिसते. (हा बॅले १८७७ साली सेंट पीटर्सबर्गमध्ये बसून कल्पिलेल्या भारतात घडतो. देवदासी, फकीर, फुलांच्या परडीत लपवलेला नाग, सगळं आहे. त्यात भारत शोधायला जाऊ नका, नाहक चिडचिड होईल. छायांची वाट पाहा.)

म्युझिकलचा हिशेब उलटा. इथे माइक असतो, बहुतेकदा केसांच्या रेषेत किंवा टोपात लपवलेला, आणि आवाज स्पीकरमधून येतो. मग वर बसून काही कमाई नाही. इथे शब्द महत्त्वाचे, ते भराभर येतात, आणि चेहऱ्यावर काय चाललंय त्यावर अर्धा विनोद अवलंबून असतो. म्हणून तळमजल्यावर, मधल्या रांगा. फक्त डोक्यावर छत किती पुढे येतंय ते बघा. ‘फँटम ऑफ द ऑपेरा’सारख्या प्रयोगात झुंबर प्रेक्षकांच्या डोक्यावर टांगलेलं असतं, छताखाली बसलेल्यांना त्याचा निम्मा थरार हुकतो.

पैसे कमी असतील तर उभ्याने पाहा. व्हिएन्नाच्या स्टेट ऑपेरात तळमजल्याच्या मागे उभ्या प्रेक्षकांच्या जागा आहेत. तिथली नेहमीची मंडळी आत शिरली की कठड्याला स्कार्फ बांधून आपली जागा राखतात आणि निवांत बाहेर फिरायला जातात. तो स्कार्फ सोडायची हिंमत कुणी करत नाही, तुम्हीही करू नका. न्यूयॉर्कला टाइम्स स्क्वेअरमध्ये १९७३ पासून त्याच दिवसाची उरलेली तिकिटं सवलतीत विकणारी खिडकी आहे. शिवाय बऱ्याच म्युझिकलना सोडत असते किंवा सकाळी रांग लावणाऱ्यांसाठी काही तिकिटं राखलेली असतात. एकट्याने जात असाल तर ऐनवेळी सुटी एक खुर्ची मिळायची शक्यता जोडप्यापेक्षा कितीतरी जास्त. उभं राहायचं असेल तर सपाट तळव्याचे बूट घाला. कपड्यांबद्दल माझा एवढाच सल्ला. पहिल्या रात्रीच्या प्रयोगाला किंवा उत्सवांना लोक नटून येतात, बाकी दिवशी स्वच्छ आणि आरामशीर काहीही चालतं. झगमगीत गाऊनशेजारी जीन्स बसलेली मी नेहमी पाहते.

आता भाषेचं.

ऑपेराची गोष्ट आधी वाचून जा, शेवटासकट. ही काही रहस्यकथा नव्हे. शेवटी नायिका मरते हे तिथल्या बहुतेकांना ठाऊक असतं, ती कशी गाऊन मरते ते ऐकायला ते आलेले असतात. माझी आत्येबहीण ‘मला आधी काही सांगू नकोस’ म्हणत आली आणि पहिला अंकभर ‘हा कोण? तो हिचा कोण?’ असं कुजबुजत राहिली. पुढच्या वेळी मी तिला कथासार आदल्या दिवशी पाठवलं, त्यातल्या तीन-चार गाण्यांचं ध्वनिमुद्रणही जोडलं. ओळखीची चाल समोरच्या माणसाच्या गळ्यातून येते तेव्हा काय होतं ते तिला मग सांगावं लागलं नाही.

रंगमंचाच्या वर लावलेल्या पट्टीवर भाषांतर दाखवायची पद्धत तशी अलीकडची. १९८३ साली टोरोंटोत कॅनेडियन ऑपेरा कंपनीने ‘एलेक्ट्रा’ या ऑपेराला ती पहिल्यांदा वापरली आणि मग सगळीकडे पसरली. मेट्रोपॉलिटनमध्ये १९९५ पासून ओळी समोरच्या खुर्चीच्या पाठीवर येतात, नको असतील तर बंद करता येतात. जिथे पट्टी वर असते तिथे पहिल्या रांगेत मान दुखते आणि छताखालच्या मागच्या रांगेत पट्टीच दिसत नाही. म्हणजे पुन्हा खुर्चीचाच प्रश्न.

या ओळी वाचण्याचीही एक रीत आहे. जिथे पात्रं बोलल्यासारखं भराभर गातात तिथे कथा पुढे सरकते. तिथे वाचा. मग आरिया सुरू होते, म्हणजे एकट्याचं मोठं गाणं. तिथे कथा थांबते आणि त्याच दोन-चार ओळी फिरून फिरून येतात. त्या एकदा वाचायच्या आणि डोळे उचलायचे. संध्याकाळभर पट्टी वाचत बसलेल्या माणसाने ऑपेरा पाहिला असं मी म्हणणार नाही. अमेरिकन संगीतकार फिलिप ग्लासचा ‘सत्याग्रह’ मात्र वेगळाच मामला आहे. १९८० साली रॉटरडॅमला पहिल्यांदा झालेल्या या ऑपेरात गांधीजींची दक्षिण आफ्रिकेतली वर्षं आहेत आणि गायचे शब्द भगवद्गीतेतले, थेट संस्कृतात. गीता पाठ असलेल्यांनाही लांबवलेल्या सुरांत श्लोक ओळखताना घाम फुटतो, पण एखादा सापडला की शेजाऱ्याकडे अभिमानाने बघायला हरकत नाही.

सुरुवात कशाने करावी? ऑपेरात इटालियन संगीतकार पुच्चीनीचा ‘ला बोएम’, १८९६ चा. चार छोटे अंक, सगळं मिळून दोन तासांच्या आत संगीत, आणि थंडीत कुडकुडणारी तरुण पोरं कुणालाही समजतात. ‘कार्मेन’च्या चाली जास्त ओळखीच्या असतील, पण तो लांब आहे. जर्मन संगीतकार वाग्नर नंतर. त्याच्या ‘गोटरडॅमरुंग’मध्ये मध्यंतरं सोडून चार तासांहून जास्त संगीत आहे, आणि ‘राइनगोल्ड’ अडीच तास सलग चालतो, मध्यंतरच नाही. पाणी बेताने प्या.

बॅलेत मी ‘जिझेल’ सुचवते. १८४१ पासून चालत आलेला, दोनच अंक, आणि खाणाखुणा शिकायला उत्तम. बॅलेत शब्द नसतात पण हातांची भाषा असते, आणि ती चार-पाच खुणांत निभावते. डोक्यावर हात एकमेकांभोवती फिरवले की नाच. अनामिकेकडे बोट दाखवलं की लग्न. छातीवर हात म्हणजे प्रेम. दोन बोटं वर केली की शपथ. मुठी समोर एकमेकींवर आडव्या धरल्या की मृत्यू. एवढं डोक्यात असलं की कोण कुणाला फसवतंय ते पट्टीशिवाय कळतं. ‘स्वान लेक’ला गेलात तर काळ्या पोशाखातल्या ओडील या पात्राच्या बत्तीस गिरक्यांची लोक वाट पाहत असतात. १८९५ च्या प्रयोगात नर्तकी पिएरिना लेन्यानीने त्या घेतल्या आणि तेव्हापासून ती परीक्षाच होऊन बसली. गिरक्या मोजू नका. ती एकाच जागी उभी राहते की सरकत सरकत पुढे येते ते पाहा.

टाळ्यांची भीती सगळ्यांना वाटते. ऑपेरात कंडक्टर (वाद्यवृंदाचा संचालक) आला की टाळ्या, मोठी आरिया संपली की टाळ्या. वाद्यवृंद अजून वाजत असेल तर थांबा. नेहमीचे लोक कधी सुरू करतात ते ऐकायचं आणि त्यांच्यात मिसळायचं. वाग्नरचं संगीत मध्ये थांबतच नाही, तिथे अंक संपेपर्यंत हात मांडीवर. बॅलेत उलट: युगुलनृत्य, मग त्याचं एकल, मग तिचं, मग दोघांचा शेवटचा धडाका, असे तुकडे असतात आणि प्रत्येक तुकड्यानंतर नर्तक प्रयोग थांबवून चक्क वाकून नमस्कार घेतात. तिथे कंजूषपणा करू नका. म्युझिकलमध्ये प्रत्येक गाण्याला टाळ्या, शिट्ट्याही चालतात. फक्त सोबत गाऊ नका. तिकीट तुमच्या आवाजासाठी काढलेलं नसतं.

नापसंती दाखवायचे रिवाजही आहेत, पण ते नवख्याचं काम नव्हे. ला स्कालाच्या सर्वात वरच्या सज्जातले रसिक यासाठी कुप्रसिद्ध. डिसेंबर २००६ मध्ये ‘आयदा’ चालू असताना त्यांनी हुर्यो केली आणि टेनर (उंच पट्टीत गाणारा पुरुष गायक) रोबेर्तो अलान्या सरळ रंगमंचावरून निघून गेला. बदली गायक आंतोनेल्लो पालोम्बी रोजच्या कपड्यांतच येऊन उभा राहिला, आणि प्रयोग पुढे चालला.

त्यावरून आठवलं: कार्यक्रमपत्रिकेत बारीक चिठ्ठी सापडली आणि तिच्यावर ‘आज ही भूमिका अमुक करतील’ असं लिहिलेलं असलं तर तोंड पाडू नका. बदली कलाकार त्या संध्याकाळी जीव ओतून गातो. म्युझिकलमध्ये तर एकाच वेळी समूहातल्या अनेक जागा पाठ असलेले कलाकार असतात, आणि संध्याकाळी कुठल्या जागी उभं राहायचं हे त्यांना कधी कधी त्याच दिवशी कळतं.

वेळेवर पोचा, म्हणजे अर्धा तास आधी. दार बंद झालं की उशिरा आलेल्याला योग्य विराम येईपर्यंत, कधी मध्यंतरापर्यंत, बाहेरच थांबवतात. सलग चालणाऱ्या ऑपेराला तर सगळाच प्रयोग बाहेरच्या पडद्यावर बघायची वेळ येऊ शकते. घंटा वाजायला लागल्या की खुर्चीकडे निघा, कारण रांगेच्या मधोमध असलेल्या माणसासाठी दहा जणांना उठावं लागतं. फोन नुसता मूक नको, पूर्ण बंद. अंधारात एक पडदा उजळला की मागच्या सगळ्या रांगांना दिसतो. खोकल्याची गोळी आधीच वेष्टनातून काढून ठेवा. आणि बाल्कनीत पुढे वाकून बसू नका. तुम्हाला थोडं जास्त दिसतं, पण तुमच्या मागच्याला तुमच्या पाठीखेरीज काहीच दिसत नाही. वरच्या मजल्यावरची निम्मी भांडणं यावरूनच होतात.

मध्यंतराला कंटाळा आला असेल तर निघून जा, त्यात अपराधी वाटायचं कारण नाही. पण अंक चालू असताना उठू नका.

शेवटचा पडदा पडल्यावर मात्र बसून राहा. कलाकार एकेक करून पुढे येतात, कंडक्टर रंगमंचावर येतो, वाद्यवृंदाला खूण करतो. खड्ड्यातल्या लोकांना टाळ्या मिळायची ती एकच संधी असते. सही हवी असेल तर म्युझिकलनंतर मागच्या दाराशी थांबता येतं. कार्यक्रमपत्रिका आणि पेन हातात तयार ठेवा, आधी दोन शब्द प्रयोगाबद्दल बोला, मग फोटो विचारा. दिवसाला दोन प्रयोग असतील तर दुपारच्या प्रयोगानंतर थांबू नका. मधल्या वेळात कलाकारांना जेवायचं आणि झोपायचं असतं, ते बहुधा बाहेर येत नाहीत.